रिकाम्या जागेची वाटणी

वाटणी हा शब्द आपल्याकडे एकटा कधी येत नाही. त्याच्यामागून दोन भाऊ येतात, सातबाराचा उतारा येतो, बांधावरची बाभूळ कोणाची हा प्रश्न येतो, आणि सर्वांच्या मागे, कोणत्या मुलाकडे किती महिने राहावे याचा हिशेब करीत बसलेली आई येते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरचे भांडण एका पिढीने कोर्टात न्यावे आणि दुसरीने ते पुढे चालवावे, हा क्रम आमच्याकडे कोणाला नवा वाटत नाही. त्यामुळे वाटणीचा नैतिक विचार म्हणजे भांडणाचा विचार, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. दोघांनाही सारखीच मान्य, किंवा निदान सारखीच अमान्य, झाली की वाटणी न्याय्य झाली असे आपण म्हणतो आणि विषय मिटवतो.

पण वाटणीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात भांडायला कोणी नसते. जागा कोरी असते, वारस अजून यायचे असतात, ते कोण असतील आणि काय घेऊन येतील हे ठाऊक नसते. आणि तरीही कोणीतरी एकाने बसून आजच त्या जागेचे भाग पाडायचे असतात. अशी वाटणी भावाभावांतल्या वाटणीपेक्षा सोपी असावी असे प्रथमदर्शनी वाटते. मला ती अधिक अवघड वाटते. या मताला मी आलो तो कोणताही ग्रंथ वाचून नव्हे, तर एका वरवर रूक्ष दिसणाऱ्या कामामुळे: संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवण्याआधी त्याच्या डिस्कचे भाग पाडणे, हे ते काम.

या कामाचा प्रसंग जगभर एकदमच आला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. ठरावीक मुदतीची जादा सोय सोडली, तर त्या दिवसापासून कोट्यवधी यंत्रे धडधाकट असूनही निराधार झाली. कारण विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर त्यांच्यात नव्हता. मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांना नवी यंत्रे घेणे परवडते. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला ते परवडत नाही. आमच्या वाचनालयात असे सहा संगणक होते. त्यांवर लिनक्स बसवावे असे ठरले, आणि उभे आयुष्य मास्तरकीत घालवलेल्या माझ्यासारख्याच्या गळ्यात ती देखरेख आली. प्रत्यक्ष काम करणारा मुलगा तंत्रनिकेतनात शिकणारा. ठरवणारे मात्र आम्ही म्हातारे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कार्यप्रणाली बसवताना एका टप्प्यावर पडद्यावर एक लांब पट्टी दिसते. ती म्हणजे डिस्क, म्हणजे संगणकाचे कोठार. यंत्र विचारते, की हे सर्व एकच ठेवायचे, की त्याचे भाग पाडायचे? पाडायचे तर किती, आणि कोणता केवढा? दुकानात याला सगळे पार्टिशन म्हणतात. मराठीत फाळणी म्हणावे तर १९४७ साल आठवते, वाटणी म्हणावे तर भाऊ आठवतात. मला खण हा शब्द बरा वाटतो. कपाटाला खण असतात, आणि जुनी घरेही आपण खणांनीच मोजत आलो. खण पाडला म्हणजे नाते तुटले असे होत नाही. कोणती वस्तू कोठे सापडेल एवढेच ठरते.

आमच्या यंत्रांतल्या डिस्कवर ५०० गिगाबाइट असे छापलेले होते. पट्टीवर मात्र ४६५ दिसत होते. यात कोणी लबाडी केलेली नसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४च्या. पण कापसाच्या गाडीबरोबर काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला या गोष्टीचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

आता प्रश्न असा, की या ४६५चे काय करावे? पुढच्या दहा वर्षांत त्या यंत्रासमोर कोण बसणार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. कोणी स्पर्धापरीक्षेची टिपणे ठेवील, कोणी लग्नाची छायाचित्रे, कोणी पंचायतीचे अर्ज. त्यांच्यापैकी कोणालाही विचारणे शक्य नव्हते. घरच्या वाटणीत एक जुना शहाणा नियम आहे: एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. वाटे पाडणाऱ्याला लबाडीची सोयच राहत नाही. परंतु या नियमाला दुसरा माणूस समोर हजर लागतो. अमेरिकन तत्त्वचिंतक जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथात त्याच्याही पुढची कल्पना केली आहे. समाजात आपण स्वतः कोणत्या जागी असू हे ठाऊक नाही असे समजून नियम ठरवा, म्हणजे ते न्याय्य ठरतील, असे त्यांचे म्हणणे. अज्ञान येथे न्यायाचे साधन होते. पण रॉल्स यांच्या वाटेकऱ्यांना वाटायचे काय आहे हे तरी सर्वसाधारणपणे ठाऊक असते. कोरी डिस्क वाटणाऱ्याला तेही ठाऊक नसते. मग त्याने कशाच्या आधारावर ठरवावे?

बहुतेक लोक परंपरेच्या आधारावर ठरवतात. परंपरा काय करते ते पाहण्यासारखे आहे. मार्च १९८३मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्याची डिस्क १० मेगाबाइटची होती. त्याच्याबरोबरच्या डॉस २.०मध्ये डिस्कचे भाग पाडण्याची सोय होती, आणि त्या भागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात ६४ बाइटांच्या कोष्टकात ठेवली गेली. एका नोंदीला १६ बाइट. म्हणून नोंदी चार. चारच का, तर जागा तेवढीच होती. प्रत्येक नोंदीतल्या आकड्याची मजलही ठरलेली होती; त्या हिशेबाने सुमारे २ टेराबाइटांपलीकडची जागा या कोष्टकाला दिसूच शकत नाही. १० मेगाबाइटच्या दृष्टीने ही मर्यादा दोन लाखपटींहून दूर होती. तेथवर कोण पोचणार, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. पण जग तेथवर पोचले, आणि त्या ६४ बाइटांशी झगडत राहिले. चारांहून अधिक खण हवेत म्हणून एका खणाच्या पोटात पोटखण काढण्याची युक्ती निघाली. शेवटी जीपीटी नावाचे नवे कोष्टक आले. त्यात साधारणतः १२८ खणांची नोंद मावते, आणि कोष्टकाची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

दुसरे उदाहरण युनिक्सचे. १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचे युनिक्स वाढत वाढत पहिल्या डिस्कवर मावेनासे झाले. तेव्हा काही आज्ञावली दुसऱ्या डिस्कवर, वापरणाऱ्यांच्या फायलींसाठी राखलेल्या ‘यूएसआर’ नावाच्या जागी, हलवल्या गेल्या. अडचणीतली ती तात्पुरती सोय होती. पुढे डिस्क प्रचंड झाल्या, अडचण संपली, पण दोन ठिकाणे तशीच राहिली. आणि ती वेगळी का असावीत याची विद्वत्तापूर्ण कारणेही मागाहून तयार झाली. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने २०१२ साली ती दोन ठिकाणे पुन्हा एक केली, तोवर चाळीस वर्षे लोटली होती. कारण मरते आणि रूढी उरते, हे आपल्या सोवळ्याओवळ्याबद्दल आपण ऐकले आहे. यंत्राच्या जगातही ते तितकेच खरे असावे याची गंमत वाटते.

आपल्याकडची रूढी सी, डी आणि ई यांची. ए आणि बी ही अक्षरे पूर्वीच्या फ्लॉपींना दिलेली होती, म्हणून डिस्क सीपासून सुरू झाली. फ्लॉपी गेल्या, डिस्क सीच राहिली. दुकानदार संगणक जोडताना डिस्कचे तीन किंवा चार सारखे भाग पाडून देतो. सीमध्ये कार्यप्रणाली, डी आणि ई तुमचे. संगणक बिघडला की सी पुसायचा आणि नव्याने भरायचा. डी आणि ई सुरक्षित. ही व्यवस्था मुळात शहाणपणाची आहे. तरी तिच्यामुळे एक हानी झालेली मी पाहिली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात कोलामांच्या वस्त्या आहेत. त्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कोलाम ही एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुळातली आहे, आणि तिला स्वतःची लिपी नाही. एम. बी. एमेनो यांनी १९५५ साली तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. पण पोडावरच्या मुलाच्या हाती तो यायचा कसा? एका शाळेतल्या तरुण शिक्षिकेने एका वृद्ध कोलाम बाईंकडे दोन वर्षे जाऊन बसून तिच्या तोंडची गवतांची नावे, पाखरांची नावे, गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्या शाळेच्या संगणकावर होत्या. उन्हाळ्याच्या सुटीत संगणक सुस्त झाला म्हणून कोणी कारागिराला बोलावले. त्याने धंद्याच्या रीतीप्रमाणे डी आणि ई यांना हात लावला नाही. सी पुसला आणि नवी कार्यप्रणाली भरली.

मुद्रणे डेस्कटॉपवर होती. पडद्यावर अगदी समोर दिसणारा तो डेस्कटॉप सीच्या पोटात असतो, हे पडदा सांगत नाही. शिक्षिकेला ते कोणी सांगितले नव्हते. मला पाहायला बोलावले तेव्हा शोध घेऊन चार-दोन फायली हाती लागल्या. कारण पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिका पुसणे, मजकूर लगेच जात नाही. पण ज्या जागेवर नवे लिहिले गेले तेथला जुना आवाज कायमचा गेला. त्या आजी मधल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. डी आणि ई हे दोन्ही खण सुरक्षित होते. दोन्ही रिकामे होते.

दोष कोणाचा? कारागिराने नियम पाळला. शिक्षिकेने समोर दिसले तेथे ठेवले. त्यात वावगे काही नव्हते. पण काही वर्षांपूर्वी ज्याने ती डिस्क तीन सारख्या भागांत वाटली त्याने एक प्रश्न विचारला नव्हता, की या जागेत राहणारी माणसे वस्तू कोठे ठेवतील? त्याने गणित बरोबर केले. पण भिंत जेथे घातली तेथे कोणी राहत नव्हते, आणि जेथे माणसे राहत होती तेथे भिंत नव्हती. सारखी वाटणी आणि योग्य वाटणी यांत अंतर असते ते इतके.

आमच्या वाचनालयाच्या मंडळात एक शेतकरी सभासद आहेत. वयाने माझ्याहून मोठे. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. ६० इकडे की ८० तिकडे अशी आमची चर्चा त्यांनी बराच वेळ ऐकली आणि मग म्हणाले, “मास्तर, पहिले बियाचं बाजूले काढा, मंग खाच्याचं पाहू.”

या विषयावर याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. पूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरात धान्याची खरी वाटणी माणसामाणसांत होत नसे. ती खायचे धान्य आणि पेरायचे धान्य यांच्यात होत असे. खायचे धान्य संपले तर उसने मिळते. बियाणे संपले तर पुढचे वर्षच संपते. म्हणून उपासाचे दिवस आले तरी त्या कणगीला हात लावायचा नाही, असा घरोघर दंडक होता. आता काळ बदलला आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि थोड्याच वर्षांत आमच्याकडे घरची सरकी राखण्याची गोष्ट मागे पडली. कपाशीचे बियाणे दरसाल पाकिटातून विकत येते. म्हणजे काल जे बियाणे होते ते आज बाजारातला माल झाले. बी कोणते आणि दाणा कोणता हे काही वस्तूच्या अंगावर लिहिलेले नसते. गेल्यावर ते पुन्हा आणता येईल का, या एका प्रश्नाने ते ठरते.

हाच प्रश्न डिस्कला लावून पाहावा. कार्यप्रणाली कितीही मोठी आणि गुंतागुंतीची असो, ती जगात लाखो ठिकाणी आहे. गेली तर इंटरनेटवरून तासाभरात पुन्हा येते, आणि लिनक्स असेल तर फुकट येते. एखाद्या मुलीने लिहिलेला चार ओळींचा निबंध किंवा आजीचा आवाज मात्र जगात एकाच ठिकाणी असतो. तेव्हा वाटणीची खरी रेषा महाग आणि स्वस्त यांच्यामधून जात नाही, आणि मोठे आणि लहान यांच्यामधूनही जात नाही. ती पुन्हा मिळणारे आणि पुन्हा न मिळणारे यांच्यामधून जाते. लिनक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याच्या फायली ‘होम’ नावाच्या ठिकाणी असतात, आणि डेस्कटॉपही त्या घरातच असतो. होमला स्वतंत्र खण दिला, तर उद्या कोणी कार्यप्रणाली पुसून नवी बसवली तरी होम तसाच ठेवता येतो. येथे भिंत आणि वस्ती यांची जागा एक होते.

आमच्याबरोबरच्या मुलाने यावर आक्षेप घेतला, आणि तो विचार करण्यासारखा होता. “सर, भिंती घातल्या की एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे अडचण होते. आजकाल सगळं एकच ठेवतात.” त्याचे म्हणणे खोटे नाही. उबुंटूला सर्व ठरवू दिले तर कार्यप्रणाली आणि माणसांच्या फायली ते एकाच खणात ठेवते. फेडोराने २०२०पासून आपल्या डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही रचना घेतली आहे. तिच्यात मूळ आणि होम यांची नावे वेगळी, पण जागा सामाईक: चुली दोन आणि कोठार एक. एकत्र कुटुंबाची ही सुधारलेली आवृत्ती मला आवडली. घरातली माणसे एकमेकांना ओळखत असतील तर तीच उत्तम. पण सार्वजनिक जागेत एकाने सिनेमे भरून ठेवले तर कोठार सर्वांचेच संपते, आणि यंत्रच अडते. ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी वाटणी करताना विश्वास मोठा ठेवावा, पण भिंतही ठेवावी. भिंत म्हणजे अविश्वास असे मानण्याचे कारण नाही. आपण नसताना आपल्या वतीने बोलणारी ती एक सूचना असते.

अखेर आम्ही ठरवले ते असे. यंत्र सुरू होण्यासाठी लागणारा लहान खण १ गिगाबाइट, कार्यप्रणालीला ६०, स्मरणशक्ती कमी पडली तर उसनी घेण्याची जागा, जिला स्वॅप म्हणतात, ८, होमला २५०. उरले १४६. ते कोणालाच दिले नाहीत.

मुलाला हे विचित्र वाटले; मंडळातही कुरकुर झाली. जागा असून द्यायची नाही ही काय रीत? पण या कामात एक विषमता आहे. खण वाढवणे सोपे असते आणि घटवणे अवघड. लिनक्सचा नेहमीचा ईएक्सटी४ प्रकारचा खण चालू असतानाच वाढवता येतो. लहान करायचा तर तो आधी बंद करावा लागतो आणि जोखीम घ्यावी लागते. काही प्रकार वाढतात, पण लहान करण्याची सोय त्यांना देऊन ठेवलेलीच नाही. शिवाय खण वाढतो तो शेजारी मोकळी जागा असेल तरच. दोन भावांच्या मध्ये अडकलेल्या वावरासारखी त्याची गत असते. म्हणून रिकामी जागा आम्ही होमच्या लगत ठेवली. कार्यप्रणालीला अधिक जागा लागली तर तिला अडचण पडेल हे जाणूनच तसे ठरवले. अडचण कोणाला पडावी हेही वाटणाऱ्याला ठरवावे लागते. सीमा केव्हाही हलवता येतील अशी एलव्हीएम नावाची हुशार पद्धतही आहे. परंतु आमच्यामागून येणाऱ्याला ती उमगली नाही तर हुशारीचे ओझे होते. त्यापेक्षा खणांचा नकाशा कागदावर लिहून प्रत्येक यंत्राच्या अंगावर चिकटवला.

या भिंतींचा मोठेपणाही फार सांगू नये. खण वेगळे असले तरी डिस्क एकच असते, आणि ती बंद पडली तर बी आणि दाणा दोन्ही एकदमच जातात. भिंत चुकलेल्या हातापासून राखते. नाशापासून राखत नाही. त्याला उपाय एकच, की जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्य तर दुसऱ्या गावी असावी. आपल्या वाणाचे बी सोयऱ्याच्या वावरातही पेरले जात असेल, तर आपले कोठार बुडूनही वाण बुडत नाही.

त्या १४६ गिगाबाइटांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढच्यांसाठी आपण जे करतो त्याला आपण देणे म्हणतो: घर बांधून देणे, नियम करून देणे, वाटण्या करून देणे. ‘माझ्या डोळ्यांदेखत सगळे होऊन जाऊ द्या’ असे म्हातारपणी प्रत्येक बाप म्हणतो, आणि त्यात काळजी असते तितकाच ठरवण्याचा हक्क आपल्याच हाती राहावा हा हट्टही असतो. १९८३ साली चार नोंदींचे कोष्टक करणारी माणसे मूर्ख नव्हती. त्यांना भविष्य दिसले नाही, ते कोणालाच दिसत नाही. पण भविष्य दिसत नाही एवढे तरी दिसावे, आणि ते दिसल्याची खूण आपल्या वाटणीत कोठेतरी राहावी. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी राखावे, आणि जे आपल्याला कळत नाही ते मोकळे सोडावे. कोऱ्या जागेचा न्याय याहून अधिक काही असेल असे मला वाटत नाही. मोकळी सोडलेली जागा आळसाने राहिलेली नसते. जो अजून आलेला नाही त्याला बोलण्यासाठी ठेवलेली ती जागा असते, आणि तेथे तो काय बोलेल हे आपण ठरवायचे नसते.